घोडा खूश आहे हे ओळखायचं कसं? पहिल्यांदा घोडा पाळणाऱ्यांसाठी

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत नाचत्या घोड्याभोवती गर्दी जमते, तेव्हा लोक काय बोलतात ते ऐका. "देख, कसा खुशीमा नाची राहिना!" (बघ, कसा खुशीत नाचतोय!) घोड्याच्या तोंडाला फेस आलेला असतो, डोळ्यातलं पांढरं दिसत असतं, शेपूट फटाफट उडत असते आणि बघणाऱ्याला तो आनंदात वाटतो. त्याच बाजारात एखाद्या पालाच्या सावलीला एक घोडी खालचा ओठ लोंबवून, मागचा एक पाय सैल सोडून उभी असते. तिचा फोटो कुणी काढत नाही. दोघांत खूश कोण, असं मला विचाराल तर मी त्या घोडीकडे बोट दाखवीन.

आपल्या खान्देशात घोडा घेताना लोक पुष्कळ बारकाईनं बघतात. अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, कानांची टोकं जुळतात का, उंची किती, चाल कशी. दातांवरून वय काढणारे तर गल्लीगल्लीत भेटतात. जनावराच्या मनाची अवस्था मात्र कुणी बघत नाही, कारण ती बघायची कशी हे कुणी शिकवत नाही. मी हे तुकड्यातुकड्यानं शिकलो. थोडं एका म्हाताऱ्या नालबंदाकडून, थोडं जनावरांच्या डॉक्टरांकडून, थोडं वाचून आणि बाकी सगळं माझ्या घोड्यांसमोर बसून. तुम्हाला ते एका जागी मिळावं म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. आजार नाही म्हणजे घोडा सुखात आहे, असं धरू नका. न्यूझीलंडच्या दोन शास्त्रज्ञांनी १९९४ साली जनावरांचं कल्याण मोजायला पाच कप्पे सुचवले. चारा-पाणी, राहण्याची जागा, तब्येत, वागणूक, आणि या चारांतून तयार होणारी मनाची अवस्था. सुरुवातीला ही मांडणी मुख्यतः त्रास मोजण्यासाठी होती. पुढे तिच्यात सुखही मोजायला घेतलं. आपल्याला तो पाचवा कप्पा वाचायचा आहे, आणि तोही सुखाच्या बाजूनं.

काय काय लागेल

- एक वही आणि पेन
- व्हिडिओ काढता येईल असा मोबाइल आणि तो टेकवून ठेवायला काहीतरी
- सेकंदकाट्याचं घड्याळ
- थर्मामीटर
- मऊ ब्रश. खराऱ्याचा लोखंडी ब्रश यासाठी नको.
- प्लास्टिकची खुर्ची. हसू नका. उभ्यानं बघणारा माणूस दहा मिनिटांत कंटाळून घोड्याला हात लावायला जातो आणि बघणं तिथेच संपतं.

१. आधी रोजचा घोडा ओळखा

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. दिवसातून तीन वेळा बघा: सकाळी चारा टाकण्याआधी, दुपारी विसाव्याला आणि संध्याकाळी रपेट किंवा काम झाल्यावर. दर वेळी दहा मिनिटं, थोडं लांब बसून. तुम्ही जवळ गेलात की घोडा तुमच्याकडे बघतो, खाण्याची आशा धरतो किंवा बिचकतो, आणि मग जे दिसतं ते तुमच्यामुळे दिसतं. म्हणून मोबाइल एखाद्या मेखेला किंवा कुंपणाला टेकवून चालू ठेवा आणि बाजूला व्हा. त्या व्हिडिओत पुष्कळ गोष्टी सापडतात.

पहिल्याच आठवड्यात तब्येतीचे आकडे लिहून ठेवा. विसाव्यातल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि ताप ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतो. नाडी जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूला बोटांनी सापडते. हे आकडे बिघडलेले असतील तर पुढचं काही वाचू नका, डॉक्टरांना बोलवा.

हवाही लिहा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या दुपारी नाकपुड्या फुगलेल्या दिसल्या तर त्याचा मनाशी संबंध नसतो, जनावर अंग थंड करत असतं. उन्हाळ्यातल्या नोंदी आणि मार्गशीर्षातल्या नोंदी एकमेकींशी ताडू नका.

२. चेहरा वाचा, पण कानांपाशी जरा थांबा

घोड्याचा चेहरा आपल्याला वाटतो त्याहून बोलका असतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली घोड्याच्या चेहऱ्याच्या १७ वेगवेगळ्या हालचाली नोंदवल्या. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, इटलीतल्या अभ्यासकांच्या पुढाकारानं घोड्याचं दुखणं चेहऱ्यावरून ओळखायची एक मोजपट्टी तयार झाली होती. तिच्यात सहा गोष्टी बघतात: कान ताठ होऊन मागे वळणं, डोळा आवळला जाणं, डोळ्याच्या वरच्या भागात ताण, चावण्याचे स्नायू उठून दिसणं, तोंड आवळून हनुवटी टणक होणं आणि नाकपुड्या ताणलेल्या असणं. ही सहा पाठ करा. सुखाचा चेहरा शोधण्याआधी यातलं काहीच नाही ना, हे बघायचं असतं.

आता कान. पुस्तकांतली बहुतेक चित्रं विलायती घोड्यांची असतात आणि आपल्याकडे मारवाडी, काठेवाडी घोडे जास्त. यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, कधी एकमेकांना टेकतात, त्यामुळे कान नेहमीच टवकारल्यासारखे दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, घोडा कायम उत्साहात आहे. म्हणून टोकांकडे बघू नका. कानाचं बूड आणि कानाची पोकळी कुठे वळली आहे ते बघा. पोकळी पुढे आणि बूड सैल असेल तर घोड्याला समोर काहीतरी आवडीचं किंवा कुतूहलाचं आहे. दोन्ही कान बाजूला सैल पडले असतील तर तो विसावलेला आहे. एक कान पुढे, एक मागे असेल तर तो दोन्हीकडे लक्ष ठेवून आहे, काळजीचं कारण नाही. पोकळी मागे वळून कान मानेला चिकटले तर समजा, तो कुणाला तरी "लांब राहा" म्हणतोय.

डोळ्यांत मऊपणा शोधा. पापणी किंचित उतरलेली आणि वरच्या पापणीवर सुरकुत्यांचा कोन नसलेला. डोळ्यातलं पांढरं दिसणं हे भीतीचं लक्षण मानतात, पण काही घोड्यांचं ते जन्मतःच दिसतं. पहिल्या पायरीची वही इथे कामाला येते.

ओठ आणि हनुवटी मला सगळ्यात भरवशाची वाटतात. खालचा ओठ सैल, हनुवटी मऊ, नाकपुड्या गोल आणि शांत असतील तर घोडा आरामात आहे. वरचा ओठ लांबून हलायला लागला, काहीतरी चाचपतोय असा, तर त्याला त्या क्षणी मजा येते आहे. हे खाजवताना हमखास दिसतं. त्यावर पाचव्या पायरीत बोलू.

आणि घोडा वरचा ओठ उलटा करून दात दाखवतो तेव्हा तो हसत नसतो. लग्नाच्या अल्बमात असे फोटो भरपूर असतात. तो वास घेत असतो, ओठ उलटवून हवा वासाच्या एका खास इंद्रियापर्यंत ओढत असतो. घोडीच्या मुताचा वास आला की घोडा हे हटकून करतो. वारंवार करत असेल आणि चाराही टाकत असेल तर पोटाकडे लक्ष द्या.

३. मान, शेपूट, पाय

मान पाठीच्या रेषेत किंवा थोडी खाली, पाठ सैल, शेपूट लोंबती आणि चालताना दोन्हीकडे सारखी झुलणारी, ही सुखाची ठेवण. शेपूट मागच्या पायांत दाबलेली किंवा माशी नसताना फटकारली जात असेल तर काहीतरी खुपतंय. आपल्याकडे माश्या भरपूर, त्यामुळे आधी माश्या मोजा, मग घोड्याला दोष द्या.

पायांत एक सापळा आहे. मागचा एक पाय खुराच्या टोकावर सैल टेकवून उभा राहणं हा विसावा आहे, घोडे पाय बदलून बदलून तसे उभे राहतात. पुढचा पाय पुढे काढून त्यावरचं वजन कमी करणं हे मात्र जवळजवळ नेहमी दुखण्याचं लक्षण असतं. लांबून दोन्ही सारखेच "आरामात" दिसतात.

दुसरा सापळा त्याहून वाईट. घोडा मान ताठ करून, भिंतीकडे तोंड, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही, कान जवळजवळ न हलवता तासभर उभा राहतो. मालक म्हणतो, "शांत आहे, गरीब आहे, पोरंसुद्धा हाताळतात." हा शांतपणा नसून हरलेपण असू शकतं. फरक करायला सोपा उपाय आहे: बादली वाजवा किंवा दुसरा घोडा समोरून न्या. विसावलेला घोडा कान वळवतो, मान फिरवतो, मग पुन्हा सैल होतो. हरलेला घोडा ढिम्म राहतो.

४. आवाज

फुरफुरणं ऐका. नाकातून हवा सोडत, नाकपुड्या थरथरवत काढलेला मोकळा फुर्र असा आवाज. धूळ गेली म्हणून घोडा तो काढतो असं आपण समजतो. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली ४८ घोड्यांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा हा आवाज चांगल्या परिस्थितीत जास्त येतो असं दिसलं. कुरणात सोडलेले घोडे तबेल्यातल्यांपेक्षा जास्त फुरफुरत होते. तासाभरात किती वेळा फुरफुरला हे लिहून ठेवणं म्हणजे फुकटातलं मोजमाप. भीतीचा आवाज वेगळा असतो: एकदम जोरात हवा सोडणं, मान उंच, अंग ताठ.

तुम्ही चारा घेऊन येता तेव्हा घोडा तोंड मिटून गळ्यातल्या गळ्यात हळू घुरघुरतो, तो गोड आवाज असतो. मोठ्यानं खिंकाळणं मात्र बहुधा सोबती दिसेनासा झाल्याचं असतं. वरातीच्या घोडीला तिच्या जोडीदारापासून तोडून आणलं की ती खिंकाळते आणि पाहुणे म्हणतात, "बघा, कशी रंगात आलीय."

५. घोड्यालाच विचारा

बघून झालं की हात लावायची पाळी येते. समोरून किंवा मागून जाऊ नका, कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे घोड्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, तिरपं, बोलत जा. दोन पावलांवर थांबा, हाताची पालथी बाजू पुढे धरा आणि वाट बघा. तो स्वतः मान पुढे करून हुंगतो का, जागेवर राहतो, की तोंड फिरवतो? एवढ्यावरून माणसांबद्दल त्याचा अनुभव कळतो. हातात चणे किंवा गूळ असेल तर ही परीक्षा धरायची नाही, कारण तेव्हा तो गुळाकडे येत असतो.

मग आयाळ संपते त्या उंचवट्यावर, मान आणि पाठ मिळतात तिथे, बोटांनी खाजवा. दोन घोडे एकमेकांच्या अंगाला दात लावून खाजवतात ती हीच जागा. १९९३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात इथे खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. सुरुवातीला हलक्या हातानं, मग थोडा जोर देऊन खाजवा आणि चेहऱ्याकडे बघा. मान थोडी वर, डोळे अर्धे मिटलेले, वरचा ओठ पुढे येऊन हलतोय, अंग तुमच्या हातावर रेलतंय: हा आनंदाचा चेहरा. २०१८ मध्ये फ्रान्समधल्याच आणखी एका अभ्यासात हळुवार खरारा केलेल्या घोड्यांचा चेहरा असाच दिसला होता. ज्यांना नेहमीच्या घाईनं घासलं, त्यांची मान उंच आणि डोळे सताड होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हात काढून घ्या. तो तुमच्याकडे सरकला, नाकानं ढोसलं, तर त्याला अजून हवंय. बाजूला झाला तर नकोय, आणि त्याचं ऐका. मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) धरून खाजवलं तर यातलं काहीच कळत नाही, दोर सैल किंवा सुटा असला पाहिजे.

६. एकटा असताना तो काय करतो

रात्रीचा व्हिडिओ काढा. घोडा उभ्यानं डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय येत नाही. आडवं व्हायला त्याला जागा कोरडी लागते, दावं पुरेसं लांब लागतं आणि भोवती सुरक्षित वाटावं लागतं. अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागून बांधायचे दोर) आवळून बांधलेला घोडा कित्येक रात्री आडवा होत नाही आणि मग दिवसा उभ्या उभ्या गुडघ्यांतून कोसळल्यासारखा झुकतो. सकाळी एका कुशीला लीद-माती लागलेली दिसली तर तो झोपला. माझे मोतद्दार (घोडे सांभाळणारे गडी) त्याला घाण म्हणतात, मी वहीत बरोबरची खूण करतो.

खोगीर उतरवल्यावर धुळीत लोळून, उठून, अंग झटकून फुरफुरला तर उत्तम. पुन्हा पुन्हा लोळला, घाम आला, कुशीकडे वळून बघायला लागला तर तो पोटशूळ आहे. तेव्हा चारा काढा आणि डॉक्टरांना फोन करा.

मोकळे घोडे दिवसाचे चौदा-सोळा तास चरतात. त्यांच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, म्हणून पोट बराच वेळ रिकामं राहणं त्यांना मानवत नाही. आपल्याकडे दोन वेळा तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) चढवून चणे-बाजरी दिली की चाकरी झाली असं समजतात. खुराक कमी द्या, पण ज्वारीचा कडबा, वाळलेलं गवत थोडं थोडं दिवसभर पुढ्यात असू द्या. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं.

इथे "मस्तीत डोलतोय" हा गैरसमज मोडू. खुंट्याला बांधलेला घोडा एका पायावरून दुसऱ्या पायावर, मान डावी-उजवीकडे, घड्याळासारखा डोलतो. किंवा लाकडाला दात लावून हवा ओढतो. ही कोंडून, एकटं, उपाशी ठेवल्यामुळे लागलेली सवय असते. गळ्याला पट्टा आवळून ती थांबवू नका. सोबत, चारा आणि मोकळीक वाढवा. जुनी सवय पूर्ण जाईलच असं नाही, पण कमी होते.

मोकळं सोडल्यावर मोठा घोडा उधळतो, लाथा झाडतो, तेही सरसकट आनंद म्हणून लिहू नका. शिंगरू खेळतं ते खरं खेळणं. मोठा घोडा बऱ्याचदा कोंडून ठेवल्याची कसर काढत असतो. रोज सोडायला लागलात की उधळणं कमी होतं आणि चरणं वाढतं. लोकांना हे उलटं वाटतं. घोडा मंदावला म्हणतात.

७. यात्रेत आणि वरातीत

आता नाच. पहिल्या सहा पायऱ्या करून झाल्या असतील तर तुम्हाला माझी गरज नाही. नाचत्या घोड्याचा व्हिडिओ काढा, आवाज बंद करा आणि फक्त तोंड, डोळे आणि शेपूट बघा. तोंड उघडं आहे का, लगाम ओढून हनुवटी छातीला टेकवली आहे का, शेपूट फटकारतेय का, कान मागे आहेत का? अनेक ठिकाणी हा नाच घोड्याला दोन खांबांमध्ये बांधून, पायांना काठी लावून शिकवतात. ताशा वाजला की काठी येणार, हे त्याला पाठ झालेलं असतं. प्रत्येक नाचणारा घोडा छळलेला असतो असं मी म्हणत नाही. सैल लगामावर, तोंड मिटून, पाय उचलणारे घोडेही मी बघितलेत. पण ते थोडे.

लगामाचा लोखंडी भाग हातात घेऊन बघा. आतून काटे, दाते किंवा गाठी असतील तर प्रश्नच मिटला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्याखालच्या १९६५ च्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे.

वरातीत डीजेच्या भिंतीपुढे घोडीला तासन्‌तास उभं करतात. त्यातही नवरदेव चढवण्याआधी आणि उतरवल्यावर तिचा चेहरा दोन मिनिटं बघा. उतरवल्यानंतर पंधरा मिनिटांत ओठ सैल झाला, पाणी प्यायली, फुरफुरली तर तिनं ते झेललं. तासाभरानंतरही मान उंच आणि चारा तसाच असेल तर पुढचा मुहूर्त नाकारा, पैसे गेले तरी चालतील.

८. खरेदी करायचीच असेल तर

एका लक्षणावरून घोडा घेऊ नका आणि सोडूही नका. निदान तीन लक्षणं एका दिशेनं जायला हवीत, आणि ती वेगवेगळ्या वेळी दिसायला हवीत. बाजारात मालक नसताना, पहाटे, घोडा बांधलेला असताना जाऊन बघा. यात्रेत लांबून ट्रकनं आलेला घोडा दमलेला असतो, म्हणून पहिल्या दिवशीचा घोडा तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

कागद हे मागा:

- पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला
- ग्लँडर्सच्या रक्त तपासणीचा अहवाल
- सौद्याची पावती, तिच्यावर रंग, उंची, वय, भोवरे आणि पांढऱ्या खुणा लिहिलेल्या
- धनुर्वाताच्या लशीची नोंद
- वाहतुकीचे कागद

ग्लँडर्सच्या अहवालावर तडजोड नको. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि त्याची शेवटची खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. घरी आणल्यावर नवा घोडा दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा, त्याची बादली आणि ब्रशही वेगळे. पण दुसरं जनावर त्याच्या नजरेत राहील असं बांधा, नाहीतर तो रात्रभर खिंकाळेल. या काळात वही सुरू करा, फक्त पहिल्या आठवड्याच्या नोंदी वेगळ्या पानावर ठेवा. नव्या जागेला बिचकलेला घोडा त्या पानावर असतो, त्याचं रोजचं वागणं त्यानंतर दिसायला लागतं.